नऊ डिग्री

मामाच्या झोळीत तीन वस्तू कायम असायच्या. कणकेच्या गोळ्यांचा जर्मनचा डबा, गळ ठेवलेली काडेपेटी आणि एक थर्मामीटर. पहिल्या दोन वस्तू धरणावर मासोळ्या धरायला येणाऱ्या कोणाकडेही सापडल्या असत्या. थर्मामीटर फक्त मामाकडे. ताप मोजायचं नव्हे, प्रयोगशाळेतलं, हातभर लांब, शंभरपर्यंत आकडे असलेलं. ते त्याच्याकडे कुठून आलं याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही मामानेच सांगितलेल्या आहेत.

मामा पाटबंधारे खात्यात होता. पद लहान. धरणाच्या पाण्याची पातळी रोज सकाळी वाचायची, वहीत लिहायची, वर कळवायची. नोकरीभर त्याने सरकारसाठी पाणी मोजलं आणि उरलेल्या वेळात स्वतःसाठी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला नवेगाव खैरीला त्याच्याकडे सोडून द्यायची. पेंच नदी तोतलाडोहला एकदा अडते, खाली खैरीला पुन्हा अडते आणि तिथून कालव्याने नागपूरच्या वाटेला लागते. आमच्या घरच्या नळाला येणारं पाणी हेच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की ट्रकची ट्यूब काखेत धरून खोलात गेलं की छाती-पोटाला पाणी कोमट लागतं आणि तळपायांना एकदम गार. पाय आखडून घेतले की परत कोमट. तासन्‌तास मी हाच खेळ खेळायचो. पायाखाली कोणीतरी माठ फोडून ठेवलाय असं वाटायचं.

‘‘पाहा बाबू,’’ मामा म्हणायचा, ‘‘वरून एकच पाणी दिसते. आत दोन राहते.’’

आणि तो ते सिद्ध करून दाखवायचा. एका बाटलीच्या बुडाला दगड बांधायचा, तोंडाला सैल बूच, बुचाला वेगळी सुतळी. बाटली दोरीने खाली सोडायची, दोरीवर पुरुष-पुरुष अंतराने गाठी. हव्या त्या गाठीवर थांबायचं आणि सुतळीला हिसका द्यायचा. बूच निघालं की बुडबुडे वर येत आणि तिथलं पाणी बाटलीत भरे. मग झरझर वर ओढून आत थर्मामीटर घालायचं. मे महिन्यात वर एकतीस, पाच पुरुष खाली पंचवीस, असे आकडे मला अजून आठवतात. मामा ते वहीत लिहायचा. सरकारी नव्हे, स्वतःच्या.

पुढे शाळेत कळलं की मामा जे ‘दोन पाणी’ म्हणायचा ते खरंच तसं असतं. उन्हाने वरचं पाणी तापतं, तापलं की हलकं होतं आणि हलकं झालं की वरच राहतं. खालचं गार पाणी जड, ते तळ सोडत नाही. मधे एक पट्टा असतो, तिथे थोडं खाली गेलं की तापमान भराभर उतरतं. वारा सुटला तरी वरच्या पाण्याला हलवतो, खालच्याला सहसा हात लावू शकत नाही. आणि आमच्याकडच्या पाण्यात यातली गोम अशी, की त्या गार थरात सुख फार नसतं. वरून गाळ, पाला, मेलेलं शेवाळ तिथे जाऊन कुजतं आणि कुजताना प्राणवायू खातं. वर तापलेलं पाणी, खाली गुदमरलेलं पाणी. मासोळी मधल्या मजल्यावर राहते. मामाचं थर्मामीटर तो मजला शोधण्यासाठी होतं. दोरी तेवढीच सोडायची, मोराच्या पिसाचा तरंगा तेवढ्यावर बांधायचा आणि बसून राहायचं. ढेपेचा, म्हणजे तेलबियांच्या पेंडीचा, चुरा पाण्यात टाकून जागा आधी तयार केलेली असायची. रोहू लागायची, मिरगल लागायची, कधी कधी काहीच लागायचं नाही. वहीत तेही लिहिलं जायचं.

ट्राऊट आमच्या आयुष्यात आली ती एका बदलून आलेल्या अभियंत्यामुळे. ते हिमाचलात नोकरी करून आले होते. एका संध्याकाळी मामाची बाटली पाहून ते थांबले आणि म्हणाले की तिकडे एक मासा आहे, त्याला धरायला हे यंत्र फार उपयोगी पडेल, कारण तो थर्मामीटरवरच जगतो. पाणी दहा-पंधरा डिग्री असलं तर खूष, वीसच्या वर गेलं की हैराण, पंचविसाच्या आसपास खलास.

मामाने बाटलीकडे पाहिलं. आमचं पाच पुरुष खालचं, सगळ्यात गार पाणी पंचवीस होतं.

‘‘म्हणजे आपल्याकडचं थंड तिच्या मरणाचं,’’ तो म्हणाला. त्या दिवसापासून ती मासोळी त्याच्या डोक्यात बसली ती बसलीच.

यात शास्त्र साधं आहे. पाणी जितकं थंड तितका त्यात प्राणवायू जास्त मावतो. पाच डिग्रीच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण पावणेतेरा मिलिग्रॅम, तीस डिग्रीच्या पाण्यात साडेसात. शिवाय मासा थंड रक्ताचा, पाणी तापलं की त्याचं शरीरही जास्त वेगाने चालतं, त्याला श्वास जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. नागपुरात मे महिन्यात वीज जाण्याची वेळ आणि कूलर लावण्याची वेळ एकच असते, तसं. रोहू-कतला हे सोसतात. ट्राऊट सोसत नाही, तिला वाहत्या, उड्या मारणाऱ्या, बर्फातून आलेल्या पाण्याची सवय.

सवय म्हणजे तिकडची, युरोपातली. ती आपल्याकडची नाहीच. हिमालयात असली तरी हिमालयाची नाही. इंग्रज साहेबाला इथल्या डोंगरात गेल्यावर घरच्यासारखी हवा मिळाली, घरच्यासारखे बंगले त्याने बांधले, तरी ओढ्यात घरची मासोळी नव्हती. मग त्याने ती मागवली. जिवंत मासे इतक्या लांब टिकत नाहीत म्हणून अंडी मागवली, ओल्या शेवाळात गुंडाळून, बर्फात ठेवून, बोटीने. निलगिरीत १८६०च्या दशकापासून प्रयत्न चालू होते आणि ते पुन्हा पुन्हा फसले. काश्मीरला पाठवलेली पहिली खेपही वाटेत मेली, नंतरची १९००च्या सुमारास जगली. निलगिरीत यश यायला विसाव्या शतकाचं पहिलं दशक उजाडलं आणि तेही युरोपातल्या तपकिरी ट्राऊटला नाही, अमेरिकेकडच्या इंद्रधनुषी ट्राऊटला. काश्मिरातून मग तपकिरी ट्राऊट हिमाचलात उतरली. मला या सगळ्या खटाटोपात साहेबाची गंमतही वाटते आणि कीवही येते. घरची आठवण बर्फात घालून आणायची म्हणजे काय चेष्टा आहे! पण आमच्या मोहल्ल्यात अमेरिकेत मुलगी असलेल्या एक काकू आहेत, त्या दर वर्षी विमानात सांडगे आणि लाखोळीची डाळ पाठवतात. तेव्हा मी फार बोलत नाही.

या अंड्यांचा एक हिशोब असतो. तो मी मामाला सांगितला तेव्हा तो खुर्चीत हसून कलंडला होता. तपकिरी ट्राऊटचं अंडं फुटायला साधारण चारशे ‘अंश-दिवस’ लागतात. पाणी दहा डिग्री असेल तर चाळीस दिवस, पाच डिग्री असेल तर ऐंशीच्या आसपास. तापमान गुणिले दिवस. मामाने क्षणभर डोळे मिटले.

‘‘आपला नवतपा,’’ तो म्हणाला. ‘‘नऊ दिवस, पंचेचाळीस डिग्री. नऊ पंचेचाळीस चारशे पाच. बरोब्बर बसते. फक्त अंडं उकडून निघन.’’

चिखलदरा, पचमढी ही आमच्याकडची थंड हवेची ठिकाणं समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटरवर. ट्राऊटच्या दृष्टीने तिथेही उन्हाळाच. सातपुड्यात कुठे जमेल का म्हणून मामाने बरीच वर्षं मनात नकाशे हलवले. नाही जमलं. निवृत्ती झाली, मामीचे गुडघे झाले, त्याचा मोतीबिंदू झाला. २०२४च्या मे महिन्याच्या शेवटी रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ डिग्री दाखवले आणि देशभर नागपूरच्या नावाचा बोभाटा झाला. नंतर निष्पन्न झालं की यंत्राचा संवेदकच बिघडला होता. त्या दिवशी मामाने आपलं थर्मामीटर बाहेर काढून सावलीत लटकवलं, वाचलं, पुसलं आणि म्हणाला, ‘‘माझं नाही बिघडलं. चाल, याले एकदा थंडी दाखवून आणू.’’

म्हणून गेल्या एप्रिलमध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, मामा माझ्याबरोबर हिमाचलात आला.

नागपूरहून गाडीने पठाणकोट, तिथून बसने जोगिंदरनगर, तिथून जीपने डोंगर चढून बरोट. त्रेचाळीस डिग्रीत चढलो होतो, बरोटला उतरलो तेव्हा मामाने दोन स्वेटर आणि वर मामीची शाल घेतली होती. बरोट मंडी जिल्ह्यातलं छोटं गाव, उंची अठराशे मीटरच्या आसपास. उहल नदी इथे अडवली आहे. तिचं पाणी बोगद्यातून डोंगराच्या पलीकडे जातं आणि खाली जोगिंदरनगरला शाननच्या वीजघरात उतरतं. हे सगळं १९३०च्या दशकाच्या सुरुवातीचं काम. त्याचं सामान न्यायला १९२९ साली पठाणकोटपासून छोटी रेल्वे घातली होती. मंडीच्या राजाशी १९२५ साली झालेला नव्व्याण्णव वर्षांचा करार २०२४ साली संपला आणि आता पंजाब आणि हिमाचल त्यावरून भांडतायत. मामाला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. वरच्या राज्याने धरण बांधायचं आणि खालच्याने पाण्याची वाट पाहत बसायचं, हे पेंचवर आम्ही मध्य प्रदेशातल्या चौरईच्या धरणापासून पाहतोच आहोत.

लोक बरोटला देवदार पाहतात, बर्फाची शिखरं पाहतात. मामाने पहिल्यांदा भिंतीवरची पातळीची पट्टी शोधली. रस्त्याच्या कठड्याला टेकून दहा मिनिटं ती वाचत राहिला. चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग म्हणाला, ‘‘रंग द्यायला झाला आहे,’’ आणि चहा प्यायला चालू लागला.

मत्स्य खात्याच्या कार्यालयातून परवाना काढला. हिमाचलात ट्राऊट धरण्याला १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, कारण ते तिचे अंडी घालण्याचे दिवस. आमचा वाटाड्या पस्तिशीतला, बोलायला कमी. त्याने मामाचा जर्मनचा डबा उघडून पाहिला. आत हळद, हिंग आणि भाजलेली ढेप घालून मळलेली कणीक होती. मामीने पठाणकोटपर्यंत टिकावी म्हणून ओल्या फडक्यात बांधून दिलेली.

‘‘अंकलजी, ये क्या है?’’

‘‘खुराक,’’ मामा म्हणाला.

त्याने वास घेतला आणि फार आदराने डबा बंद करून परत दिला. इथे कणकेला कोणी विचारत नाही. ट्राऊट शिकारी आहे. किडे, अळ्या, लहान मासे, जे हलतं ते खाते. तिला फसवायला पितळी पात्याचा स्पिनर, नाही तर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. खोटी माशी फेकायला वेगळा हात लागतो, तो आमच्याकडे नव्हता. मामाने त्या माश्यांची पेटी मात्र बराच वेळ पाहिली. एका माशीत मोराच्या पिसाचा तंतू होता. त्याने फक्त मान हलवली, ओळखीचा माणूस परगावी दिसावा तशी.

नदी जिथे जलाशयात शिरते, तिथे आम्ही बसलो. म्हणजे मी उभा, मामा दगडावर. वितळत्या बर्फाचं पाणी, दुधात निळ्या शाईचा थेंब टाकावा तसं. मामाने सगळ्यात आधी झोळीतून थर्मामीटर काढलं आणि पाण्यात धरलं. बाटली, दोरी, दगड काही लागलं नाही. काठावर, हातभर पाण्यात. त्याचा हात लाल झाला तरी तो काढेना.

‘‘नऊ,’’ तो म्हणाला.

नंतर वहीत लिहिलं. ही नवी वही होती, पहिल्या पानावर ही पहिली नोंद.

त्या दिवशी काही लागलं नाही. मी फेकत होतो, ओढत होतो, पुन्हा फेकत होतो. वाटाड्या एकदाच बोलला, ‘‘भाईजी, खडे मत रहो.’’ मला वाटलं पाय घसरेल म्हणून सांगतोय. पण कारण वेगळं होतं. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला सगळं आकाश एका गोल खिडकीत दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं जग त्याच्यासाठी साधारण सत्त्याण्णव अंशांच्या शंकूत कोंबलेलं असतं. काठावर उभा असलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला वाकून आत डोकावणाऱ्या शेजाऱ्यासारखा दिसतो. बसलं, वाकलं की तो कडेवरून खाली घसरतो, दिसेनासा होतो. आमच्या खैरीच्या गढूळ पाण्यात हे कधी कळायचा प्रश्नच नव्हता. तिथे मासोळीला आम्ही दिसत नव्हतो आणि आम्हाला मासोळी. बरोबरीचा मामला होता.

दुसऱ्या दिवशी मी गुडघ्यावर बसलो. पन्नाशीत गुडघ्यावर बसून केलेली ही माझी पहिलीच गोष्ट, पूजा धरून. मामाने जागा दाखवली. तो म्हणाला, धावतं पाणी आणि थांबलेलं पाणी जिथे एकमेकांना घासतात तिथे टाक. धावत्या पाण्यातून खाणं वाहत येतं आणि थांबलेल्या पाण्यात उभं राहायला कष्ट नाहीत. ‘‘कोणीबी हुशार जीव तिथंच बसन. ऑफिसात पंख्याखालची खुर्ची असते ना, तशी.’’ वाटाड्याने मला विचारलं, अंकलजी काय म्हणाले. मी हिंदीत सांगितलं. त्याने मामाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला दोरी अडकली. मला दगड वाटला. मग दगड डावीकडे चालू लागला.

जे वर आलं ते वीतभराहून थोडं मोठं होतं. मी चित्रं भरपूर पाहिली होती, तरी रंगाची तयारी नव्हती. पाठ ऑलिव्ह-तपकिरी, बाजू लोण्यासारख्या पिवळ्या आणि त्यावर लाल ठिपके. प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं, कुंकवाभोवती चंदन लावावं तसं. पाठीवरच्या मोठ्या परामागे, शेपटीच्या जरा अलीकडे, एक छोटासा मांसल पर होता, ज्यात काटा नाही, काही नाही. आपल्या रोहूला तो नसतो. मामाने बोट ओलं करून त्या पराला हळूच लावलं आणि काढून घेतलं.

‘‘हात गिले करो पहले,’’ वाटाड्या मला म्हणत होता. कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा चिकट थर निघतो. मासा लहान होता, सोडायचाच होता. त्याने शिकवलं, तिचं तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात अलगद धर, ढकलू नको, तिला श्वास घेऊ दे, ती आपण होऊन जाईल. मी धरलं. हाताची बोटं बधिर झाली होती, म्हणून ती केव्हा गेली ते हाताला कळलंच नाही, डोळ्यांना कळलं.

मामाला हे मुळीच पटलं नाही.

‘‘खायची असन तर मार. खायची नसन तर तिले छळता काहून?’’

मी काहीतरी संवर्धन वगैरे बोललो. लहान मासे सोडणं त्याला कळतं, धरणावर तोही सोडायचा. पण मोठी लागली तरी सोडणारे लोक असतात, निव्वळ दोरीवर तिची धडपड हाताला जाणवावी म्हणून येतात, हे त्याच्या डोक्यात शिरेना. त्या रात्री रजईत बसून तो तोतलाडोहचं बोलत राहिला. धरण झालं तेव्हा कामावर आलेले मजूर, जमिनी गेलेले लोक, नंतर त्यातले कितीतरी मासेमारीवर जगायला लागले. पण भोवतालचं जंगल राष्ट्रीय उद्यान. तिथे जाळं टाकलं की गुन्हा. मध्य प्रदेशाच्या बाजूला ३०५ आदिवासी कुटुंबांच्या परवान्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९७ साली न्यायालयाने अटी घालून त्यांची मासेमारी चालू ठेवली आणि त्यांचं पुनर्वसन व्हायला हवं, हेही म्हटलं. आमच्या बाजूला मात्र वर्षानुवर्षं रात्रीचे डोंगे, धाडी, जप्त जाळी हेच चाललं. वाघाचं जंगल राखायला हवं, हे मामालाही मान्य आहे. त्याला फक्त एवढंच दिसत होतं की पोटासाठी मासोळी धरणारा लपून येतो आणि मजेसाठी धरणारा, म्हणजे आम्ही, पावती घेऊन दगडावर बसतो. यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

‘‘अन्‌ इथली स्वतःची मासोळी कोणती?’’ त्याने अंधारात विचारलं. मला वाटलं होतं झोपला.

सकाळी मी वाटाड्याला विचारलं. इथल्या थंड नद्यांमध्ये मूळची स्नो ट्राऊट आहे. नाव ट्राऊट असलं तरी ट्राऊटशी तिचं नातं नाही, ती आपल्या रोहूच्या कुळातली. दगडावरचं शेवाळ खरवडून खाते. बाहेरून आणलेली तपकिरी ट्राऊट तिची पिल्लं खाते, जागा घेते. वाटाड्या म्हणाला, आजोबांच्या वेळी ती जास्त दिसायची. तिच्यासाठी परगावाहून कोणी येत नाही.

मामा ‘‘हं’’ म्हणाला. एवढंच.

तिसऱ्या दिवशी ट्राऊट खाल्ली. बरोटच्या मत्स्यबीज केंद्रातली, इंद्रधनुषी, तळ्यात वाढवलेली. मीठ, थोडं लिंबू, लोणी, बस. मी म्हणेन उत्तम होती, मांस गुलाबीसर, घट्ट, काटे कमी. मामाने पहिला घास खाऊन बराच विचार केला.

‘‘चांगली आहे. आजारी माणसाले द्यायला.’’

सावजीच्या तर्रीत चाळीस वर्षं मासोळी खाल्लेल्या माणसाच्या जिभेचं हे मत आहे, ते तेवढंच धरावं. पण खरं सांगायचं तर मलाही झणझणीत रस्सा आठवला. वाटाड्याने मामाला विचारलं, तुमच्याकडे सगळ्यात चांगला मासा कोणता. मामाने क्षणाचाही विचार न करता सांगितलं. मरळ.

आणि मग माझा अबोल मामा त्या ढाब्यावर त्याच्या नागपुरी हिंदीत अर्धा तास मरळीवर बोलला. मरळ म्हणजे ट्राऊटचं बरोबर उलटं. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, त्यात ती हवा भरून घेते. पाण्यात प्राणवायू नसला तरी तिचं अडत नाही, ती वर येऊन हवेचा घोट घेते आणि खाली जाते. उलट तिला वर येऊ दिलं नाही, तर ती पाण्यात बुडून मरते. मासोळी बुडून मरते, हे वाटाड्याला खोटं वाटलं, त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. उन्हाळ्यात डबकं आटलं तर मरळ ओल्या चिखलात दबून राहते. पिल्लं केशरी-लाल रंगाची, झुंडीने फिरतात आणि नर-मादी दोघं त्यांच्या खाली राखण करत असतात. त्या वेळी गळ टाकू नये, असं धरणावरचे ढीवर सांगायचे आणि स्वतः पाळायचेही. मामा सांगत होता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मे महिन्यातली पहाट आली. शहरातल्या एखाद्या तलावाच्या हिरव्या, तापलेल्या पाण्यात रात्रभर शेवाळानेच प्राणवायू संपवलेला असतो आणि सगळ्या मासोळ्या वर येऊन तोंडं उघडझाप करतात. त्या गर्दीत अधूनमधून एक ‘गुडुप’ आवाज येतो. ती मरळ. ती मरत नसते. ती रोजच्यासारखा श्वास घेत असते.

वाटाड्याने विचारलं, तिला थंडी चालेल का. मामाने थर्मामीटर काढून नऊचा आकडा दाखवला.

‘‘नाही भाऊ. मर जाएगी.’’

परत आलो तेव्हा नागपूर चव्वेचाळीसवर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भोईपुऱ्याच्या बाजारात गेलो. पसरट टोपलं, त्यात बोटभर पाणी आणि त्या पाण्यात पाच-सहा मरळी एकावर एक, जिवंत, अंग वळवत. विकणारीने एक उचलून दाखवली. मामाने भाव केला, नेहमीसारखा खोटा राग आणला आणि सव्वा किलोची घेतली. रात्री तर्री झाली. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

जेवून मी निघालो होतो. मामी भांडी विसळत होती आणि मामा ओसरीवरच्या माठापाशी खाली बसलेला दिसला. माठ नवा, पाझरणारा, खाली वाळू, बाहेरून ओलं गोणपाट. आमचं कोरडं ऊन पाझरलेलं पाणी उडवून नेतं आणि आतलं गार करतं, म्हणूनच मुंबईच्या माठाला नागपूरच्या माठाची सर नाही. मामाने झाकण बाजूला केलं होतं आणि हात आत होता.

‘‘पिण्याच्या पाण्यात काय घातलं ते?’’ मामी आतून ओरडली.

‘‘धुतलं आहे.’’

त्याने थर्मामीटर वर काढलं, दिव्याकडे धरलं, डोळे बारीक केले.

‘‘एकवीस,’’ तो मला म्हणाला. ‘‘दम लागला असता तिले. पण एखादा दिवस राह्यली असती.’’